विम्याचा कागद सहीच्या आधी दाखवा

प्रति,
सांगली, मिरज, कुपवाड, विटा, तासगाव परिसरातून परदेशी नोकरीला माणसं पाठवणारे एजन्सीचालक,
जर्मन, जपानी, इंग्रजीचे वर्ग चालवणारे संचालक,
आणि जिल्ह्यातला रोजगार विभाग सांभाळणारे अधिकारी यांस

विषय : परदेशी जाणाऱ्या मुलामुलींना आरोग्य विम्याविषयी अंधारात ठेवले जाते, त्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेची. नोकरीची सगळी वर्षं नर्सिंग शिकवण्यात गेली. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली आज रियाधला आहेत, मँचेस्टरला आहेत, स्टुटगार्टला आहेत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी तुमच्यामार्फत गेल्या आणि चार पैसे घरी पाठवू लागल्या, त्याचा मला आनंदच आहे. परदेशी जाऊ नका असं सांगायला हे पत्र नाही.

अलीकडे सांगलीत एका संस्थेने घेतलेल्या परदेश रोजगार मेळाव्याला मी शेजारच्या मुलीबरोबर गेले होते. पगार, ओव्हरटाइम, भाषेची परीक्षा, राहायची सोय, सगळं मोठ्या पडद्यावर दाखवलं. मग जत भागातले एक वडील उभे राहिले. "पोरगी तिकडं आजारी पडली तर?" एवढंच त्यांनी विचारलं. व्यासपीठावरून उत्तर आलं, "ते कंपनी बघते." लगेच पुढचा प्रश्न घेतला गेला आणि ते वडील खाली बसले.

हे उत्तर मी फार वर्षं ऐकत आले आहे. यापुढे ते ऐकून गप्प बसायचं नाही असं ठरवलं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आधी माझ्या घरातलं सांगते. माझा भाचा कवठेमहांकाळचा. दहावी राहिली, पण कुपवाडच्या एमआयडीसीत वेल्डिंगला हात बसला आणि एका एजंटामार्फत तो आखातात गेला. उन्हाळ्यात साइटवर दिवसभर काम, पाणी पोटात कमी. एका रात्री मुतखड्याच्या कळा सुरू झाल्या. खोलीतल्या पोरांनी टॅक्सीत घालून पहिला जो मोठा दवाखाना दिसला तिथं नेलं. काउंटरवरच्या माणसाने त्याचं कार्ड उलटसुलट करून परत दिलं. हे कार्ड आमच्याकडे चालत नाही, जिवाला धोका नाही, तेव्हा पैसे भरा नाहीतर दुसरीकडे जा. पोरांनी रात्रीच आपापसांत वर्गणी काढली. ते उसने पैसे फेडण्यात त्याचे पगार गेले आणि घरी बहिणीला वाटत राहिलं की पोरगा पैसे पाठवायला टाळाटाळ करतोय.

तो परत आल्यावर ते कार्ड मी हातात घेऊन नीट पाहिलं. एटीएम कार्डाएवढं. पुढच्या बाजूला नाव, पॉलिसी नंबर, मुदत. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत नेटवर्कचं, म्हणजे ते कार्ड चालणाऱ्या दवाखान्यांच्या साखळीचं नाव, बाह्यरुग्ण तपासणीला वीस टक्के स्वतः भरायचे ही ओळ, आणि चोवीस तास चालणारा मदतीचा फोन नंबर. सगळं अरबी आणि इंग्रजीत. त्या नंबरवर फोन लावला असता तर कार्ड चालणारा जवळचा दवाखाना कोणता ते कळलं असतं. ही दोन मिनिटांची गोष्ट त्याला मिरजेतून निघताना का सांगितली गेली नाही?

याहून मोठी गोष्ट पुढे कळली. भाच्याचा पासपोर्ट ईसीआरचा, म्हणजे दहावी नसलेल्यांचा. असा माणूस सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, मलेशिया अशा १८ देशांपैकी कुठेही कामाला जाताना त्याची प्रवासी भारतीय बीमा योजनेची पॉलिसी काढावीच लागते, त्याशिवाय एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे कामासाठी देश सोडायची सरकारी परवानगी, मिळत नाही. हप्ता दोन वर्षांचा २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५ रुपये, वर कर. त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाख. दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर १ लाखापर्यंत, एका वेळी ५० हजारांपर्यंत, मग उपचार तिकडे घेतलेले असोत की इथे. प्रकृतीमुळे कामाला अपात्र ठरून परतावं लागलं तर विमानाचं भाडं. म्हणजे माझ्या भाच्याच्या नावावर पॉलिसी होती. कागद एजंटाच्या फायलीत होता. भाच्याकडे प्रत नाही, घरी प्रत नाही, आणि वारस म्हणून जिचं नाव लावलं होतं त्या माझ्या बहिणीला अशी काही पॉलिसी असते हेच माहीत नव्हतं. आम्हाला समजलं तोवर दाव्याची मुदत टळून गेली होती.

हा एका एजंटाचा हलगर्जीपणा म्हणून मी सोडून दिलं असतं. पण आखातातून आलेल्या ज्या ज्या पोरांना मी तेव्हापासून विचारलं, त्यातल्या कुणाच्याच घरी हा कागद निघाला नाही.

आता तुमच्याविषयीच्या तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली, प्रवास विम्याला आरोग्य विमा म्हणून विकणं. हे सर्रास चालतं. मुलगी विचारते, विम्याचं काय? तुम्ही तिच्या हातात ट्रॅव्हल पॉलिसी ठेवता आणि "झालं तुझं काम" म्हणता. ही पॉलिसी प्रवासाला निघालेल्या माणसासाठी असते. अचानक उद्भवलेलं दुखणं, अपघात, हरवलेली बॅग एवढ्यापुरती. तिकडे राहून नोकरी करणाऱ्याचा थायरॉईड, मधुमेह, बाळंतपण, दातांचं दुखणं यांत बसत नाही. अंगमेहनतीच्या कामावर झालेली इजा तर बहुतेक ट्रॅव्हल पॉलिस्यांत स्पष्ट वगळलेली असते. वेल्डरला, गवंड्याला, सुताराला अशी पॉलिसी देऊन पाठवणं म्हणजे त्याला विम्याशिवाय पाठवणंच आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीला जर्मनीला जाताना इथल्या वर्गातूनच पूर्ण वर्षाची पॉलिसी काढायला लावली. व्हिसासाठी विमा लागतो हे खरं, पण तो देशात उतरल्यापासून नोकरी सुरू होईपर्यंतच्या दिवसांपुरता. नोकरी सुरू झाली की तिथला सरकारी पद्धतीचा विमा कायद्यानेच लागू होतो. मूळ वर्गणी पगाराच्या १४.६ टक्के, वर त्या त्या विमा मंडळाची थोडी जादा, आणि यातला अर्धा वाटा मालक भरतो. नवरा किंवा बायको कमावत नसेल तर तो जोडीदार आणि मुलं त्याच वर्गणीत येतात. म्हणजे काही आठवड्यांच्या गरजेसाठी तिने वर्षाचे पैसे भरले. आणि एओके, टीके, बार्मर अशा मंडळांपैकी कोणतं घ्यायचं हे निवडायचा हक्क कर्मचाऱ्याचा असतो, हेही तिला तिकडे गेल्यावर कळलं, कारण अर्ज इथेच कुणीतरी परस्पर भरून टाकला होता. भाषेच्या वर्गात तुम्ही महिनोन्महिने बाजारहाटाचे संवाद घोकून घेता. दोन तास क्रांकेनकासे, म्हणजे तिथलं आरोग्य विमा मंडळ, काय असतं यावर घालवले तर अभ्यासक्रमाचं काय बिघडेल?

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी १० हजार कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात जर्मनचे वर्ग पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उघडले आहेत. त्यामुळे ही जबाबदारी आता आणखी वाढली आहे.

दुसरी तक्रार, देशादेशातला फरक न सांगणं. "कंपनी बघते" हे वाक्य काही ठिकाणी खरं आहे, आणि तेच नीट सांगितलं तर मुलांच्या हातात बळ येईल. दुबईत २०१३ च्या ११ क्रमांकाच्या कायद्याने कामगाराचा विमा मालकाने काढायचा असतो आणि हप्ता पगारातून कापायचा नसतो. पण बायको-मुलांना नेलं तर त्यांचा विमा ज्याच्या व्हिसावर ती आली त्याने काढायचा. कमी पगाराच्या लोकांसाठी तिथे जो किमान विमा ठरवून दिला आहे त्याची वर्षाची मर्यादा दीड लाख दिरहम आहे. शारजा, अजमान वगैरे उत्तरेकडच्या अमिरातींत तर खासगी नोकरदारांना विमा सक्तीचा झाला तोच मुळी १ जानेवारी २०२५ पासून. सौदीत विम्याशिवाय इकाम्याचं, म्हणजे तिथं राहायच्या परवान्याचं, नूतनीकरण होत नाही आणि खर्च मालकाचा असतो. कोणी पगारातून "मेडिकल" म्हणून पैसे कापत असेल तर तो नियम मोडतो आहे, हे पोराला इथून निघतानाच माहीत हवं.

इंग्लंडचं वेगळं. तिथे व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, आणि जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचा एकदम. पण हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावर जाणाऱ्या नर्सला आणि तिच्या कुटुंबाला हा अधिभार माफ आहे. नर्सच्या खर्चाच्या यादीत हा आकडा कोणी धरला असेल तर त्याने तो खोडावा. जपानमध्ये सरकारी विमा असूनही बिलाचे तीस टक्के स्वतःच्या खिशातून जातात. अमेरिकेत मालकाचा विमा असला तरी ठरावीक रकमेपर्यंतचं बिल आधी आपण भरायचं असतं आणि नेटवर्कबाहेरचा दवाखाना परवडण्यासारखा नसतो. एका ओळीत सगळे देश गुंडाळले की त्या ओळीला काही अर्थच राहत नाही.

तिसरी तक्रार मला सर्वांत जास्त सलते. फॉर्म भरताना आजार लपवायला सांगितलं जातं. मी स्वतः एक भरलेला फॉर्म पाहिला. आजारांची मोठी यादी आणि समोर एकाच पेनाने, एकाच दमात ओढलेल्या "नाही"च्या खुणा. ज्या मुलीचा तो फॉर्म होता ती थायरॉईडची गोळी रोज सकाळी घेते, हे मला तिच्या वसतिगृहापासून ठाऊक आहे. तिला सांगितलं गेलं होतं, "लिहिलं तर अडकेल." अडकतं ते न लिहिल्यावर. उद्या दाव्याच्या वेळी जुनी चिठ्ठी सापडली की विमा कंपनी हात वर करते आणि कायदा तिच्या बाजूने असतो. सही मुलीची असते. खुणा करणारा माणूस तेव्हा फोनही उचलत नाही. जुना आजार उघड सांगून त्याच्या उपचाराचे पैसे विम्यातून मिळायला काही काळ थांबावं लागलं तरी चालेल, पण पॉलिसीच रद्द होणं परवडत नाही. आम्ही नर्सिंगमध्ये पहिल्या वर्षी शिकवतो, रुग्णाचा पूर्वेतिहास खरा लिहा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं असतं.

चौथी गोष्ट मागे राहणाऱ्यांची. पुण्याच्या कंपनीत असताना मुलाच्या ग्रुप पॉलिसीत आई-वडील असतात. मुलगा राजीनामा देऊन परदेशी निघतो आणि त्या दिवसापासून विट्याच्या किंवा आटपाडीच्या घरातले म्हातारे उघडे पडतात. वडिलांचं बीपी, आईची साखर, दोघांनाही नवी पॉलिसी घेताना जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. नोकरी सोडायच्या आधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळण्यासाठी अर्ज करता येतो, आणि तो मान्य झाला तर आधी थांबलेला काळ धरला जातो. हे तिकीट काढण्याआधी सांगायला हवं. तिकीट काढून झाल्यावर मुलाला वेळ नसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला आहे, तेव्हा हप्त्याचं कारण पूर्वीइतकं मोठं राहिलेलं नाही. ज्यांना हप्ता जमतच नाही त्यांनी महात्मा फुले योजनेत आपलं नाव आणि रेशनकार्ड नीट आहे ना, हे मुलगा इथे असतानाच बघून घ्यावं. ती योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आधार देते, पण परदेशातल्या दवाखान्यात ती चालत नाही, हेही काही घरांत सांगावं लागतं.

परदेशी गेलेल्याने स्वतःचीही इथली पॉलिसी बंद करू नये. तिकडची नोकरी सुटली की तिकडचा विमाही सुटतो. दुखणं घेऊन परतलेल्या माणसाला इथे नव्याने सुरुवात करावी लागते, आणि ती वेळ सगळ्यांत वाईट असते. मिरजेच्या दवाखान्यात असे रुग्ण मी पाहिले आहेत. चांगला पगार मिळवून आलेले आणि ऑपरेशनसाठी गुंठा विकायला निघालेले.

मी तुमची अडचणही ऐकली आहे. तुमच्यातले काही जण म्हणतात, आम्ही फक्त मुंबईच्या एजन्सीला नावं देतो, कागद वरून येतात. मग मला विचारायचं आहे, एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी कोणाची आहे? परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी असलेल्या एजंटालाच माणसं भरता येतात आणि ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पैसे मिरजेत घेतले जातात, तर कागदाची जबाबदारीही मिरजेतच घ्यावी लागेल.

माझ्या मागण्या अशा आहेत.

ऑफर लेटरवर "मेडिकल ॲज पर कंपनी पॉलिसी" एवढी ओळ चालणार नाही. विमा कोणाचा, वर्षाची मर्यादा किती, बिलातला स्वतःचा वाटा किती, जुन्या आजाराला किती काळ थांबायचं, बाळंतपण आणि दात आहेत की नाहीत, कुटुंब धरलं आहे का, आणि पहिल्या दिवसापासून लागू होतो की कार्ड हातात आल्यावर, हे मराठीत एका पानावर लिहून द्या. पासपोर्ट आणि पैसे हातात घेण्याच्या आधी द्या.

प्रवासी भारतीय बीमा योजनेची पॉलिसी काढली की त्याच दिवशी एक प्रत जाणाऱ्याला आणि एक प्रत वारसाला द्या. वारसाकडून पोच घ्या. १० लाखांची रक्कम फक्त अपघातासाठी आहे, हृदयविकाराने मृत्यू आला तर ती मिळत नाही, हेही स्पष्ट सांगा, म्हणजे ज्याला जमेल तो वेगळा आयुर्विमा काढून जाईल.

विम्याचा फॉर्म उमेदवाराने स्वतः भरावा. तुमच्या कार्यालयातल्या कुणीही त्यावर खूण करू नये.

ट्रॅव्हल पॉलिसी विकत असाल तर ती ट्रॅव्हल पॉलिसी आहे असं म्हणूनच विका, आणि त्यावर कमिशन मिळत असेल तर ते सांगा.

जिल्हा प्रशासनाकडे मागणी एवढीच, की जिल्ह्यात परदेशी रोजगाराचा कोणताही मेळावा सरकारी सभागृहात किंवा सरकारी सहकार्याने भरत असेल, तर विम्यावरचा तास त्यात असल्याशिवाय परवानगी देऊ नये. आणि तक्रार कुठे करायची याचा फलक तिथे लावावा. तिकडच्या मालकाविरुद्ध परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल आहे. अडीअडचणीला तिथल्या भारतीय दूतावासाकडे समुदाय कल्याण निधी आहे. भारतात काढलेल्या पॉलिसीचा दावा नाकारला तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार, आणि महिनाभरात समाधान झालं नाही तर पुण्याचे विमा लोकपाल. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचा दावा ऐकला जातो. यातली एकही गोष्ट नवीन काढायची नाही. आहे ती लोकांपर्यंत पोचवायची आहे.

मराठी पानाचा मसुदा मी तयार केला आहे. नर्ससाठी एक, कामगारांसाठी एक. ज्या एजन्सीला किंवा वर्गाला हवा त्यांनी घेऊन जावा, नाव माझं घालायची गरज नाही. विम्याचा तास घ्यायला कोणी नसेल तर मी येईन, मानधन नको. पुढची बॅच निघण्याआधीची तारीख तेवढी कळवा.

आपली,
एक निवृत्त नर्सिंग शिक्षिका
मिरज